आधी धुवा, मग लावा!

*विनाइलचं वेड लागलंय? ऑनलाइन कार्टमध्ये टर्नटेबल पडून आहे? 'बाय नाऊ' दाबायच्या आधी जरा थांबा. वडगाव रासाईच्या माळ्यावरून उतरलेल्या एका ट्रंकेची ही गोष्ट आधी वाचा.*

शनिवारी सकाळी साडेसहाला मामाचा फोन आला, की गावाकडे एकतर कुणीतरी आजारी आहे नाहीतर काहीतरी विकायला काढलंय, एवढं मला आता कळतं. या वेळी दुसरं होतं. वडगाव रासाईचं जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं आणि माळा रिकामा करणं चालू होतं.

'तुझ्या आजोबाची रेकॉर्डीची पेटी निघालीय. भंगारवाला दारात उभा हाय, किलोवर मागतोय. तुला पायजे, का देऊ?'

'थांबव त्याला, मी येते!' मी पांघरुणातूनच ओरडले.

आता यात माझा मोठेपणा काही नाही. तीन महिन्यांपूर्वीच मी एक सुटकेस प्लेअर घेतला होता. पुदिन्याच्या चटणीच्या रंगाचा, लेदरचा भास होणारं कव्हर, आत दोन इवले स्पीकर. फोटोत काय दिसतो म्हणून सांगू! त्याच्यासोबत एक नवी कोरी एलपीही घेतली होती. नव्या एलपीची किंमत दोन हजारांच्या पुढेच असते, त्यामुळे पुढची एलपी पुढच्या पेमेंटनंतर. आणि फ्रीलान्सरचं पुढचं पेमेंट म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा वेळी फुकटात पेटीभर रेकॉर्ड! मी स्कूटी काढली.

वडगाव रासाई शिरूर तालुक्यात आहे, भीमेच्या काठावर. नदीपलीकडे दौंड तालुका. पुण्याहून सोलापूर रोडने चौफुल्यापर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळायचं, पारगावपाशी नदी ओलांडायची, की उसाच्या भिंती सुरू होतात. चौफुला म्हटलं की तिथली कला केंद्रं, ढोलकी आणि लावणी हे सगळ्यांना माहीत असतं. ती लावणी नदी ओलांडून आमच्या गावात लग्नाच्या मांडवात कशी पोहोचायची, हे मात्र मला त्या दिवशीच कळलं. ती पोहोचायची आमच्या आजोबांच्या बैलगाडीतून.

स्पीकरवाले आजोबा

आजोबा शेती करायचे एवढंच मला माहीत होतं. ते 'स्पीकरवाले' होते, हे कुणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. साधारण १९६५ ते १९८५ अशी वीस वर्षं आसपासच्या गावांतल्या लग्नांना, जत्रांना, सत्यनारायणाला त्यांचा कर्णा जायचा. एक ॲम्प्लिफायर, एक चेंजर, दोन कर्णे, गाडीची एक मोठी बॅटरी आणि रेकॉर्डींची ट्रंक. वीज सगळीकडे नव्हती, म्हणून बॅटरी. कर्णा झाडावर किंवा बांबूला बांधायचा, तोंड शेजारच्या गावाकडे. म्हणजे लग्न आमच्याकडे आहे हे त्यांनाही कळलं पाहिजे!

पुढे कॅसेटचा जमाना आला आणि पेटी माळ्यावर गेली. ती तिथे चाळीस वर्षं होती, उंदीर आणि चुलीचा धूर यांच्या सोबतीने.

ट्रंक उघडली. एकूण ५८ रेकॉर्ड. २१ जुन्या, जाड, जड, '७८'च्या. ३२ छोट्या ईपी, त्यात 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'पिंजरा' (१९७२) लगेच ओळखू आल्या. आणि पाच एलपी, त्यांतली एक 'शोले'च्या डायलॉगची. होय मंडळी, एके काळी गाण्यांसारखेच डायलॉगही रेकॉर्डवर विकले जायचे आणि गावच्या मांडवात गब्बरसिंगही वाजायचा. प्रत्येक लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'व.रा.' आणि एक नंबर. दुसऱ्या स्पीकरवाल्याच्या पेटीत आपला माल जाऊ नये म्हणून.

७८ पैकी एकीवर नंबर होता १. कुत्रा छाप, म्हणजे एचएमव्ही. लेबलचा अर्धा भाग उंदरांनी खाल्लेला, गाणारीचं नाव गेलेलं, फक्त 'लावणी' एवढं वाचता येत होतं. वरती धूर, धूळ आणि कसली तरी चिकट पुटं.

ती मी पुण्याला आणली आणि तिची वाट लावली.

सॅनिटायझरचा प्रताप

झालं असं, की रेकॉर्ड 'आयपीए'ने म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात, असं मी कुठेतरी अर्धवट वाचलं होतं. आणि माझ्या घरी २०२० च्या लॉकडाऊनमधली सॅनिटायझरची अर्धी कॅन अजून पडून होती. अल्कोहोलच की! कापूस भिजवला, नंबर १ घेतली आणि मस्त गोल गोल पुसायला लागले. कापूस काळा झाला. मी खूश, काय मळ निघतोय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसराही. चौथ्याला बोट चिकटायला लागलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, की हा मळ नाही. ही रेकॉर्ड निघतेय.

७८ च्या रेकॉर्ड प्लास्टिकच्या नसतातच. त्या लाखेच्या असतात. तीच लाख, जी बांगड्यांना लागते आणि जिने जुनी पाकिटं सीलबंद व्हायची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक छोटा किडा ती तयार करतो आणि आजही देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडकडे होते. रेकॉर्डमध्ये या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काळ्या रंगासाठी काजळी मिसळायचे आणि तापवून साच्यात दाबायचे. आता तुमच्या घरी जुन्या पद्धतीने फर्निचर पॉलिश करणारा सुतार कधी आला असेल, तर आठवा. तो लाखेचे पातळ पापुद्रे कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्ये. म्हणजे लाख विरघळवायचा जगातला सगळ्यात सोपा उपाय मी आजोबांच्या पहिल्या नंबरच्या रेकॉर्डवर केला होता.

चकचकीत काळ्या खाचांच्या जागी राखाडी, आंधळा पट्टा. लावून पाहिली. सुरुवातीला नुसती खरखर, मग कुठेतरी खोल विहिरीतून आल्यासारखी ढोलकी, परत खरखर.

आजीला फोन केला. ती काही रागावली नाही, हेच जास्त लागलं.

'एक नंबरची व्हय? ती पयली लावायचे. ती वाजली की समजायचं, स्पीकर जोडून झाला, आता चला मांडवाकडं.' मग जरा थांबून, 'पाण्यानं धुवायची ना गं आधी, पोरी.'

आधी ओळख, मग आंघोळ

तर दोस्तांनो, विनाइलच्या दुनियेत शिरताना पहिला प्रश्न 'कुठला टर्नटेबल घेऊ' हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, 'माझ्या हातात आहे ती वस्तू कशाची बनलीय?'

ओळखणं सोपं आहे. दहा इंची, जड, कडक, टिचकी मारली की कपबशीसारखी वाजणारी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं, ती ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. पडली की फुटते. हलकी, जराशी वाकणारी ती विनाइल, म्हणजे पीव्हीसी, आपल्या पाइपांच्याच घराण्यातली. त्यात सात इंची ती ४५ ची ईपी आणि बारा इंची ती ३३ ची एलपी (नेमकं सांगायचं तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश). एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली, ४५ त्याच्या पुढच्या वर्षी. तिकडे पन्नाशीच्या दशकाअखेर ७८ चा कारभार आटोपला, आपल्याकडे मात्र ती पुढची दहा वर्षं टिकून होती. इतकी, की बीटल्सची गाणीसुद्धा कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ७८ वर छापली गेली. जगभरातले संग्राहक आज त्या भारतीय ७८ शोधत फिरतात. तेव्हा माळ्यावरच्या पेटीला किलोचा भाव लावायच्या आधी एकदा चाळून बघा!

आता आंघोळ. का करायची, तर एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली, तर ती चारशे मीटरहून जास्त लांब भरेल. एवढ्या लांब खाचेत सुईचं टोक चालतं ते केसाहून बारीक जागेवर टेकून. सगळं वजन त्या एका टिंबावर. मध्ये धुळीचा कण आला, की सुई त्याला भिंतीत ठोकून बसवते आणि मग तो कायमचा 'टक्' होतो. म्हणजे मळलेली रेकॉर्ड 'एकदा ऐकून तर बघू, मग धुऊ' असं म्हणणं हीच मोठी चूक. मी माझ्या सुटकेस प्लेअरवर 'पिंजरा'ची ईपी तशीच लावली होती. सुईच्या टोकाला करड्या रंगाचा पुंजका आला, चाळीस वर्षांचा!

हे सगळं नीट शिकायला मला एक महिना लागला आणि अर्धा तर पाण्यातच गेला. म्हणजे खरंच, पाण्याच्या प्रश्नात. आपलं नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर जो पांढरा थर बसतो, तोच खाचेत बसतो. पाहिजे डिस्टिल्ड वॉटर. मी ऑनलाइन बाटल्यांचे भाव बघून हादरले होते. पुढच्या वेळी गावाला गेले तर मामाच्या ट्रॅक्टरशेजारी पाच लिटरचा कॅन. बॅटरीत घालायचं पाणी! तेच ते. आजोबाही त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या बॅटरीसाठी तेच आणायचे. बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, पेट्रोल पंपावरही. फक्त मागताना 'बॅटरीचं पाणी' मागा, 'ॲसिड' नव्हे, आणि कॅनवरचं लेबल वाचून घ्या.

माझी रीत अशी. आधी कोरडा मऊ ब्रश फिरवून वरची धूळ उडवायची. कार्बन फायबरचा खास ब्रश मिळाला तर उत्तम. विनाइल घासली की तिच्यावर स्टॅटिक वीज तयार होते, थंडीत स्वेटर काढताना होते तशी, आणि मग ती धूळ ओढूनच घेते. कार्बनचे केस ती वीजही थोडी उतरवतात. मग टेबलावर जुना स्वच्छ पंचा अंथरायचा, रेकॉर्ड त्यावर ठेवायची आणि लेबलवर एक वाटी उपडी घालायची. होय, आमटीची. लेबलचा कागद भिजला की शाई फुटते आणि कागद सुटतो, म्हणून एका हाताने वाटी दाबून धरायची. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साध्या लिक्विड सोपचा एक थेंब. एकच, बरं का, फेस आला की समजा जास्त झाला. लहान बाळांचा मऊ टूथब्रश किंवा मेकअपचा नवा, रुंद ब्रश त्यात बुडवायचा आणि खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवायचा. मधून बाहेर आडवा कधीच नाही. त्यानंतर दुसऱ्या भांड्यातल्या नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढायचा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग 'धुतल्यावर जास्त खरखरते' म्हणून रडतात. शेवटी मायक्रोफायबरच्या कपड्याने टिपून घ्यायचं आणि ताटं ठेवायच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवायची. पंख्याखाली नको, नाहीतर ओल्या रेकॉर्डवर नवी धूळ.

पाणी कोमट चालेल, गरम नाही. ७८ ला हीच रीत, पण झटपट, भिजत ठेवायची नाही. कडेला तडा गेलेली असेल तर पाणीच नको, कोरडा ब्रश पुरे, कारण काही ७८ ना वरच्या थराच्या आत वेगळा गाभा असतो आणि तड्यातून पाणी आत गेलं की थर सुटतात. विनाइलवर बोटांचे तेलकट डाग असतील तर पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल घातलेलं चालतं. ७८ ला एक थेंबही नाही. हे वाक्य हवं तर फ्रिजवर चिकटवा. आणि हो, विनाइलवरही सॅनिटायझर नकोच, त्यात हात मऊ राहावेत म्हणून बरंच काही घातलेलं असतं.

पावसाळ्यात पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. घराबाहेर, गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडायची आणि मग वरची आंघोळ घालायची. जुनी कागदी पाकिटं सरळ फेकून द्या, बुरशी तिथेच राहते. बाहेरचं चित्राचं कव्हर मात्र फेकायचं नाही, प्लीज!

आता तुम्ही विचाराल, फेविकॉलचं काय? व्हिडिओत लोक रेकॉर्डवर लाकडाचा पांढरा गोंद ओततात, वाळल्यावर त्याची अख्खी साल ओढून काढतात, आणि मळ त्यासोबत येतो. विनाइलवर हे जमतं, खोटं नाही. पण साल मधेच तुटली तर तुकडे खाचेत राहतात आणि मग बसा नखाने काढत. माझा सल्ला विचाराल तर, ज्या रेकॉर्डचं तुम्हाला काहीच वाटत नाही तिच्यावरच हा खेळ करा.

मळ जातो, झीज नाही

या सगळ्या खटाटोपानंतर ३२ ईपींपैकी किती छान वाजल्या? अकरा. बाकीच्या स्वच्छ होऊनही खरखरत होत्या. मला वाटलं माझं धुणंच कच्चं. मग कळलं, मळ धुता येतो, झीज धुता येत नाही. आजोबांच्या चेंजरमध्ये रेकॉर्डींची चळत लावायची, एक संपली की दुसरी धपकन तिच्यावर पडायची आणि दोघी एकमेकींवर फिरायच्या. वर जड आर्म, आणि सुई बदलायची ती दिवाळीला. लग्नसराईत एकेक गाणं दिवसातून दहा वेळा. 'पिंजरा' सगळ्यात खराब निघाली. म्हणजे सगळ्यात जास्त लग्नं तिनेच लावली असणार. एका अर्थी त्या गावच्या आवडीनिवडीचा हिशोबच या पेटीत आहे. सगळ्यात कोरी करकरीत कुठली, तर भक्तिगीतांची एक एलपी!

जुनी रेकॉर्ड विकत घेताना हेच बघायचं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजार आहेच. रेकॉर्ड पाकिटातून काढा आणि खिडकीसमोर, उजेडात तिरकी धरा. वरवरचे बारीक ओरखडे दिसायला भयंकर असतात पण बऱ्याचदा ऐकू येत नाहीत. नखाला लागेल असा ओरखडा मात्र नक्की ऐकू येणार. खाचा चकचकीत काळ्या असण्याऐवजी राखाडी, मेलेल्या दिसल्या तर ती झीज. मग मधल्या भोकाभोवती बघा. लेबलवर पुसट रेषांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलीय, कारण दर वेळी लावताना दांडा शोधत ती घासली जाते. डोळ्यांसमोर आडवी धरून वाकलीय का तेही पाहा. घासाघीस करायला लाजू नका, पण मळलेली आहे म्हणून सोडूही नका. मळलेली आणि न झिजलेली, ही खरी लॉटरी. दुकानदारही न धुतलेल्या मालाचा भाव कमीच लावतो.

मशीनचं थोडक्यात. सुटकेस प्लेअर दिसायला गोड, पण बहुतेकांचा आर्म चांगल्या टर्नटेबलच्या दुप्पट-तिप्पट वजनाने टेकतो आणि तुम्हाला ते कमी-जास्त करता येत नाही. नव्या एलपीला ते नको. सुरुवातीला असा टर्नटेबल बघा ज्याला मॅग्नेटिक कार्ट्रिज आहे, सुईचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास आहे आणि फोनो प्रीॲम्प आतच बसवलेला आहे, म्हणजे तुमचे घरचे स्पीकर सरळ जोडता येतील. घरात ७८ असतील तर आणखी एक पंचाईत. आजच्या बऱ्याच टर्नटेबलना ७८ चा वेगच नसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६० ला तो नाही, एलपी-१२० ला आहे. आणि सुईही वेगळी लागते, कारण ७८ ची खाच एलपीपेक्षा जवळजवळ चौपट रुंद सुईसाठी कापलेली असते. एलपीची सुई तिथे तळाला, मळातच घसरत राहते. मी शेवटी सेकंडहँड टर्नटेबल घेतला आणि ७८ ची सुई वेगळी मागवली. पुदिन्याची सुटकेस आता कुंडीखाली आहे.

अजून एक. चकचकीत पितळी कर्ण्याचा 'ॲन्टिक' ग्रामोफोन घ्यायचा मोह खूप जणांना होतो. त्यातले बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात, ॲन्टिक फक्त किंमत असते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर, खऱ्या किंवा खोट्या, विनाइल कधीच लावू नका. त्याची पोलादी सुई ७८ च्या दगडी भुकटीवर झिजावी म्हणूनच केलेली असते, दर बाजूला नवी सुई लावायची. विनाइलला ती नांगरून टाकते.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या. आडवी चळत लावली की खालच्या वाकतात. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरलात तर संध्याकाळी पापड काढावा लागेल. टर्नटेबलची सुई दर वेळी छोट्या ब्रशने पुसायची, मागून पुढे, एकाच दिशेने. संपलं.

नंबर १ चं काय झालं?

इतके सोपस्कार शिकल्यावर मी पहिल्यांदा केली ती गोष्ट म्हणजे उरलेल्या वीसही ७८ चे फोटो काढले. धुण्याआधीच. लेबल, त्यावरचा नंबर, आणि लेबलच्या कडेला खाच संपते तिथे कोरलेले आकडे. त्यांना मॅट्रिक्स नंबर म्हणतात, आणि रेकॉर्ड कुठली, कधीची हे ओळखायला संग्राहकांना तोच धागा पुरतो. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' नावाच्या अंकांमधून आपल्याकडच्या रेकॉर्डींची, कंपन्यांची, विसरलेल्या गायिकांची केवढी माहिती नोंदवून ठेवलीय! ते अंक वाचताना मी रात्रीचे दोन वाजवले. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानने गाणं संपवून स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, कारण ते परदेशात छापणाऱ्यांना कळलं पाहिजे की तबकडी कुणाची. तिथपासून सुरू होणारी ही गोष्ट माझ्या ट्रंकेपर्यंत येते, हे मला कुठे ठाऊक होतं? आता तर २०२४ पासून मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापायला सुरुवात झालीय, म्हणजे गोष्ट पुढेही चाललीय.

पण लावण्यांच्या आणि तमाशाच्या कितीतरी ७८ अशा आहेत, ज्या कुठल्या ऑनलाइन यादीत नाहीत, कुठल्या ॲपवर नाहीत. दिवाणखान्यात ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला जपणारे असतात. मांडवात वाजणाऱ्या गाण्याला स्पीकरवाला, आणि तो गेला की भंगारवाला.

नंबर १ ची एकच बाजू मी पुसली होती, हे माझं नशीब. एचएमव्हीच्या ७८ वर दोन्ही बाजूंना कॅटलॉग नंबर एकच असतो. त्यामुळे मागच्या लेबलवरून तो मिळाला, आणि त्यावरून दुसरी प्रत शोधायचं काम चालू आहे. दोन संग्राहकांना विचारून झालंय, जुन्या बाजारात सात रविवार गेलेत. अजून सापडलेली नाही.

मागची बाजू मात्र वाजते. बॅटरीच्या पाण्याने धुतली, वाटी दाबून धरून, श्वास रोखून. मागच्या महिन्यात टर्नटेबल आणि स्पीकर खोक्यात भरून वडगावला नेले. आजी-मामा सध्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, पुढे नव्या घराचे कॉलम उभे राहिलेत. बाजेवर टर्नटेबल ठेवला, लेव्हल यावी म्हणून खाली दोन वह्या घातल्या, आणि सुई टेकवली.

ढोलकी आली. मग बाईचा आवाज, तिखट, नाकातला, न लाजणारा. मी आजीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

'एवढ्या हळू?' आजी म्हणाली.

मी आवाज वाढवला. तिने मान हलवली. मामाने शेवटपर्यंत वाढवला, स्पीकर थरथरायला लागले. आजी उठली, काठी घेतली, शेडबाहेर गेली, कॉलम ओलांडून, विहिरीच्या बाजूने थेट उसाच्या बांधापर्यंत. तिथे आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. गाणं तीन मिनिटांत संपलं. मामा मला म्हणाला, 'तिला तिथनंच ऐकायची सवय. मांडवात कुठं बसायला मिळायचं तिला.'

बांधावरून आजीने हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. परत लाव.